आतून दाखवा

माझ्या लग्नात अक्षता टाकून झाल्यावर रेळेकर मास्तर थेट बोहल्यापाशी आले. बाकीचे लोक नवऱ्यामुलाचा हात हातात घेऊन काहीतरी गोड बोलत होते. मास्तरांनी माझ्या कोटाची कॉलर उलटी केली, आत अंगठा घासला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "अस्तर खळीनं चिकटवलंय. शिवलेलं नाही. असो, नांदा सौख्यभरे." मुलीकडच्या मंडळींत कुजबुज सुरू झाली. माझ्या सासऱ्यांची समजूत झाली की हे कुणी वैद्य असावेत आणि मुलात काहीतरी दोष निघाला असावा. पुढे कितीतरी वर्षं ते मला मधूनच "तब्येत बरी आहे ना?" असं विचारत आणि उत्तराची नीट वाट पाहत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला मी डोंबिवलीत राहायला आलो, तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर मास्तर आणि त्यांच्या विधवा वहिनी राहत होत्या. मास्तरांचे थोरले भाऊ लढाईत गेले होते, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात. मास्तरांनी लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "माप जुळलं नाही," म्हणत. त्यांचं दुकान ठाकुर्लीच्या फाटकाजवळ होतं. लहानपणी चिंचेवरून पडल्यामुळे त्यांचा डावा खांदा बोटभर खाली उतरला होता. स्वतःचे सदरे ते त्या खांद्याच्या हिशेबाने बेतत, त्यामुळे हे कळायला त्यांना उघड्या अंगाने आंघोळीहून येताना पाहावं लागे. आमच्या चाळवजा इमारतीत ती सोय होती.

वहिनींना शिवणातलं काही म्हणजे काही येत नसे. साधा सुईत दोरा ओवायचा तरी त्या "भाऊजी!" अशी हाक मारीत आणि मास्तर मशीन सोडून उठत. घरात शिंपी असताना दुसऱ्याने कशाला शिकायचं, असं दोघांचंही मत होतं. पिशवीचा बंद तुटला तरी वहिनी तो तसाच घेऊन ठाकुर्लीला चालत जात.

मास्तर शर्ट-पँटी शिवून पोट भरत, पण त्यांचा जीव होता जुन्या लष्करी कपड्यांत. कुणाच्या घरी जुना खाकी कोट आहे असं कानावर आलं की मास्तर हातातलं गिऱ्हाईक टाकून निघत. आणि कोट काही कमी नव्हते. लढाईच्या काळात कल्याणच्या पुढे सैनिकांची मोठी छावणी होती. सैनिक गेले, कपडे इथेच राहिले. ते कुणी विकले, कुणी विकत घेतले, कुणी नुसतेच उचलले. पुढे जुन्या वस्तूंना भाव आला, तशी आमच्याकडच्या सैनिकांची संख्या एकदम वाढली. लढाई संपून चाळीस वर्षं झाल्यावर घरोघरी आजोबा रणांगणावर जाऊन आलेले निघाले. ज्यांचे आजोबा जन्मभर पौरोहित्य करत होते, तेसुद्धा.

अशा आजोबांचे कोट मास्तरांसमोर येत. लोक कौतुकाने छातीवरची बिल्ले लावायची जागा दाखवू लागले की मास्तर हात वर करून थांबवत. "पुढून सगळेच सुभेदार. आतून दाखवा."

मग कोट उलटा व्हायचा. मास्तर चष्मा कपाळावर सरकवून शिवणीवरून बोट फिरवायचे. बटणं कडी घालून अडकवलेली आहेत की टाके घालून, काजं मशीनची की हाताची, मुंढ्याला किती कापड सोडलंय, हे सगळं बघून झालं की निकाल. त्यावर अपील नव्हतं.

मला त्यांनी एकदा त्यातलं मर्म सांगितलं. "पेंडसे, तुम्ही बँकेतली माणसं. तुम्हाला वाटणार, जे सुबक ते खरं. लष्कराचं उलटं. लढाईत सरकार दिवसाला हजार कोट शिवतं. कुणाला वेळ आहे? टीप वाकडी, दोरे लोंबताहेत, कापडाच्या कडा तशाच सोडलेल्या. असा कोट दिसला की नमस्कार करायचा, तो खरा. आणि आतून कोट देखणा निघाला, एकेक टाका मोत्यासारखा, की समजायचं, हा कुणीतरी फुरसतीत, जीव लावून शिवलाय. म्हणजे खोटा."

"जीव लावून शिवलेलं खोटं?" मी विचारलं.

"सरकार जीव लावत नाही, घेतं," मास्तर म्हणाले आणि कात्री शोधू लागले.

ठाण्याहून एक जुन्या वस्तूंचा व्यापारी पोतंभर कोट घेऊन यायचा. त्याला मास्तरांचा शब्द हवा असायचा, कारण परदेशी गिऱ्हाइकं म्हणे सर्टिफिकेट मागतात. एकदा त्याने चांगला विटका, डागाळलेला कोट काढला आणि ब्रह्मदेशाच्या जंगलातला आहे म्हणून सांगितलं. मास्तरांनी तो हुंगला. "चहात बुडवलाय. आणि आलं घातलेल्या." व्यापारी काही लाजरा नव्हता. त्याने गोळी लागल्याचं भोक दाखवलं. मास्तरांनी तेही हुंगलं. "गोळीला चंदनाचा वास येत नाही हो. उदबत्तीनं पाडलंय. शत्रू काय पूजा करत होता?" व्यापाऱ्याने पोतं बांधलं, पण जाताना मास्तरांकडून स्वतःची पँट आखूड करून घेतली. कारागीर म्हणून त्याचा त्यांच्यावर विश्वास होता.

कल्याणला एका हौशी मंडळींच्या नाटकाला मी मास्तरांना नेलं, ही माझी चूक. तिसऱ्या अंकात मेजर मरणोन्मुख होऊन आईचं नाव घेत होता, बायका डोळ्यांना पदर लावत होत्या, आणि मास्तर तिसऱ्या रांगेत उभे राहून ओरडले, "अहो, बटणं डाव्या अंगाला आहेत! हा जनानी कोट आहे!" मेजरने मरता मरता खाली वाकून पाहिलं. त्यानंतर तो मेला, पण कुणी मनावर घेतलं नाही.

थोडक्यात, मास्तरांनी कुणालाच सोडलं नाही. फक्त एक कोट त्यांनी कधी उलटून पाहिला नाही, आणि तो त्यांच्या स्वतःच्या घरात होता.

तो त्यांच्या भावाचा, तात्यांचा. तात्या गेल्याची तार आली आणि पाठोपाठ त्यांचा कोट पार्सलने आला, एवढं सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. वहिनींनी तो लोखंडी पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवला होता. वर्षातून एकदा, श्राद्धाच्या दिवशी, त्या तो काढत, खुर्चीच्या पाठीवर घालत, समोर पान वाढत. त्या दिवशी मास्तर दुकानात जेवत. मी एकदा खोचकपणे विचारलं, "मास्तर, गावभरचे कोट उलटता, घरातला कधी नाही बघितलात?" मास्तर तेव्हा कुणाच्या तरी सफारीचं कापड कापत होते. "घरच्या माणसांचे कोट उलटायचे नसतात," ते म्हणाले, आणि त्यांची कात्री सरळ खिशाच्या खुणेवरून पुढे गेली. कापड वाया गेलं. इतक्या वर्षांत मी पाहिलेली त्यांची ती पहिली चूक. मला वाटलं, भावाची आठवण. माणसाने दुसऱ्याबद्दल अंदाज बांधावेत ते माझ्यासारखे, सोपे आणि चुकीचे.

आता कॅप्टन महाबळ. हे आमच्या इमारतीचे चेअरमन. कॅप्टन ही पदवी त्यांना कुठून मिळाली हे कुणी विचारलं नव्हतं, कारण ते उत्तर सविस्तर देतील अशी भीती होती. दर पंधरा ऑगस्टला ते एक जुना लष्करी कोट घालून झेंडावंदन करत. तो म्हणे त्यांच्या कळव्याच्या मामांचा, आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेला. मास्तर आले की कॅप्टन तो कोट घट्ट मिटून उभे राहत. भर पावसाळ्यात घामाघूम व्हायचे, पण बटण काढत नसत.

ते काढायची वेळ आली गणपतीत. अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. मंडळाच्या मुलांच्या डोक्यात आलं की यंदा देखाव्याऐवजी जुन्या लष्करी वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं. पार कोपर स्टेशनपर्यंत फिरून त्यांनी अकरा कोट जमवले आणि परीक्षक म्हणून मास्तरांना बसवलं. मास्तरांनी अकरापैकी नऊ बाद केले. त्यात कॅप्टनांचा पहिला. मास्तरांनी खांद्यावरच्या बारीक भोकांच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे सोनेरी झालर होती. मामा वाळवंटात लढले असतील, कोट मात्र वरातीत लढलाय. हा बँडवाल्याचा आहे." मुलं हसली. एकाने तोंडाने ट्रम्पेट वाजवली. कॅप्टन काही न बोलता कोट काखेत मारून घरी गेले, आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस गप्प बसला म्हणजे काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी मुलं वहिनींकडे तात्यांचा कोट मागायला गेली. त्यांना कुणी पाठवलं ते सांगायला नको. मास्तर दारातच म्हणाले, "नाही. तो बाहेर जाणार नाही." वहिनी आतून आल्या. "न्या रे. पेटीत पडून एवढी वर्षं झाली. एकदा लोकांनीपण बघू दे त्यांना." वहिनींनी त्या घरात कधी शब्द टाकला नव्हता, त्यामुळे तो मोडायची मास्तरांना सवयच नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी मास्तरांच्या पोटात दुखू लागलं. मग डोकं. मग दुकानात तातडीचं काम. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही नाही आलात तर मीपण नाही जात." तेव्हा ते निघाले. मंडपात तात्यांचा कोट मधोमध हँगरवर लावला होता. खाली झेंडूची माळ. लोक नमस्कार करून पुढे सरकत होते. वहिनी बाजूला खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, आणि मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कॅप्टन उठले. "एक विनंती आहे," ते म्हणाले. आवाज गोड होता. "आमच्या सगळ्यांच्या कोटांची परीक्षा झाली. या कोटाची झालेली नाही. नियम सगळ्यांना सारखा हवा. मास्तर, आतून दाखवा."

मंडळाच्या मुलांनी जमिनीकडे पाहिलं. मास्तर पुढे गेले, कोट हँगरवरून काढला आणि हातात धरून नुसते उभे राहिले. कॅप्टनांनीच शेवटी हात पुढे करून बाही उलटी केली, मग पाठ. मी जवळ उभा होतो. बँकेतला माणूस असलो तरी आठ वर्षं मास्तरांच्या शेजारात काढली होती. आतली प्रत्येक कड दुमडून हाताने शिवलेली. काजं एकसारखी. एकही दोरा लोंबत नव्हता. मास्तरांनी मला शिकवलेल्या सगळ्या नियमांनी तो कोट खोटा होता, आणि मी उभ्या आयुष्यात पाहिलेला तो सगळ्यात सुंदर शिवलेला कोट होता.

"टाके मोत्यासारखे आहेत की हो," कॅप्टन म्हणाले. "तुमचंच वाक्य ना ते? द्या निकाल."

मास्तरांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. "हा कोट..."

"ती शिवण माझी आहे," वहिनी म्हणाल्या.

त्या उठून पुढे आल्या. "जुनी शिवण उसवत आलेली. मीच काढून नवीन घातली. दुपारी दुसरं काय काम असतं मला?"

"आणि काजं?" कॅप्टनांनी विचारलं.

"तीपण मीच."

"मग वहिनी, राग मानू नका, पण कोट खरा कशावरून?"

"माझ्या नवऱ्याचा आहे, मी सांगते म्हणून. तुमच्या मामांना ओळखणारं कोणी असेल तर त्यांनाही आणा की. आपण विचारू, कुठलं वाद्य वाजवायचे."

मंडप हसण्याने दणाणला. कॅप्टन बसले. मास्तरांनी कोट सुलट केला, हँगरवर लावला आणि दुकानाकडे निघून गेले.

संध्याकाळी प्रदर्शन आटोपल्यावर वहिनींना घरी पोचवायला मी गेलो. कोट माझ्या हातावर होता. जिन्यापाशी मला राहवेना.

"वहिनी, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही."

"नाही येत."

"मग?"

त्या पहिल्या पायरीवर बसल्या. "धर जरा तो कोट खांद्याला. दोन्ही हातांनी. बघ काय दिसतं."

मी धरला. उजवा खांदा सरळ होता. डावा बोटभर खाली उतरला होता.

"ह्यांचे खांदे सरळ होते रे, पाटासारखे," वहिनी म्हणाल्या. "पार्सल उघडलं आणि मी कोट उराशी धरला, तेव्हाच कळलं. बाईला नवऱ्याचा खांदा माहीत नसतो होय? कोट बेतायचा तर कोणाचं तरी माप घ्यावं लागतं. घरात माप घ्यायला पुरुष उरलेला एकच."

"तार आलेली, पण सासूबाई मानेनात. त्याचं काहीच आलं नाही म्हणजे तो आहे, म्हणायच्या. मीपण अन्न सोडलेलं. हा तेव्हा छावणीतल्या शिंप्याकडे कामाला जायचा. सतरा वर्षांचं पोर. पार्सल घेऊन दारात उभा राहिला, दादाचा कोट आलाय म्हणाला. बोटं सुईनं नुसती चाळण झालेली. सासूबाई त्या कोटावर डोकं ठेवून पहिल्यांदा रडल्या. आणि हा दारातच उभा, माझ्या तोंडाकडे बघत. मी काय बोलणार होते? म्हटलं, भाऊजी, पाटावर बसा, मी पानं वाढते."

"मग श्राद्धाला हाच कोट खुर्चीवर..."

"एवढ्या मायेनं केलेलं दुसरं काही मला कोणी दिलं नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "त्याला वाटतं, मला कळलेलं नाही. त्या एका गोष्टीवर तो सुखात आहे. त्याला सांगशील तर बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर माझ्याकडे आले. एरवी दारातूनच माझ्या कपड्यांवर शेरा यायचा, त्या दिवशी नाही. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. तेच पार्सल, तीच तार, त्यांच्या बाजूने. खाकी कापड त्यांनी छावणीतल्या शिंप्याकडून मागून आणलं होतं, बटणं एका गोऱ्या सोजिराच्या फाटक्या कोटाची होती.

"फार चांगला शिवला हो मी," मास्तर म्हणाले. "तिथेच चुकलं. पुढे खरे कोट हाताशी यायला लागले तेव्हा कळलं, सरकार असं शिवत नाही. तेव्हापासून दुसऱ्यांचे कोट उलटून बघतोय. आणखी काय काय चुकलंय ते कळायला हवं ना? उद्या वहिनींसमोर कुणी बोट ठेवलं तर? आणि काल ठेवलंच. कोट खोटा आहे म्हणून मी सांगणार होतो. कॅप्टननं शोधून काढण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. पण वहिनींकडे बघितलं आणि जीभ उचलेना."

"पण त्यांनी सांभाळून घेतलं की."

"तेच मला कळत नाही. शिवण माझी आहे, असं का म्हणाल्या? रात्रभर विचार करतोय. चारचौघांत दिराची अब्रू जाऊ नये म्हणून असेल. आतून काय काय चुकलं ते सगळं मला पाठ आहे, पण ते त्यांना कसं दिसणार? त्यांना शिवणातलं काय कळतं?" मास्तर पुढे वाकले. त्यांचा सदरा नेहमीसारखा दोन्ही खांद्यांवर अगदी सारखा बसला होता. "पेंडसे, खरं सांगा. काल तुम्ही त्यांना घरी सोडलंत. काही बोलल्या? त्यांना कळलेलं तर नाही ना?"

"नाही मास्तर," मी म्हणालो. "त्यांना काहीच कळलेलं नाही."

मास्तरांचा हात सवयीने माझ्या कॉलरपर्यंत आला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि म्हणाले, "चहा टाकायला सांगा."

बरं झालं. आतून पाहिलं असतं तर मी पकडला गेलो असतो.